आजोबांची बैलगाडी बाद

हॅलो?… ओतिलिया? हो ताई, मीच. एवेलिओ कुठला फोन उचलतोय, तो दुपारपासून सुतारकामाच्या खोलीत आतून कडी लावून बसलाय… नाही, तब्येत उत्तम. रुसलाय… नातीवर. हो, आपल्या योर्लेनीवर. आठ वर्षांच्या पोरीवर सत्तरीचा माणूस. कुणाला सांगू नकोस… बरं, पुंतारेनासमध्ये सांगितलंस तरी चालेल, इथे सार्चीत माझं सांगून झालंय.

अगं ऐक ना. उद्या स्वातंत्र्यदिन, आज पोरांची कंदिलांची मिरवणूक… हो, तुमच्याकडेही असणारच. तर सकाळी शाळेत स्पर्धा होती. पहिला येईल तो मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे. नियम असा, की कंदील मुलानं स्वतः करायचा… हसू नकोस.

योर्लेनीचा कंदील म्हणजे बैलगाडी. नक्षीची, चाकं फिरणारी… हो, खरंच फिरणारी. महिनाभर खपत होता एवेलिओ. पोरीला जवळ येऊ देत नव्हता, म्हणे बिघडवशील… बाकीच्यांचं काय विचारतेस? कुणाचं चर्च, घंटेसकट. कुणाचा ज्वालामुखी, धूर सोडणारा. दुसरीतल्या पोरांनी केलेलं, बरं का. परीक्षक विचारतायत, बाळा, कुणी केला? मी केला. मी केला. आणि ज्वालामुखीवाल्याचे वडील मागून कुजबुजतायत, आता तार ओढ.

मग आमचा नंबर… थांब, सांगते ना. मारिएलोस बाईंनी वर्षभर एकच शिकवलंय, आधी थांबायचं, विचार करायचा, मग तोंड उघडायचं… हो, मोठ्यांसाठीही वर्ग काढायला हवा. तर ही थांबली. इतकी थांबली की परीक्षकांना वाटलं, हिला ऐकू कमी येतं. मी मागे उभी राहून प्रार्थना करतेय… कसली म्हणजे? ‘मी’ म्हणू दे, अशीच. खोटं कशाला बोलू.

म्हणाली, "आजोबांनी केला. मी एका चाकाला लाल रंग दिला होता, तो त्यांनी पुसला आणि स्वतः पुन्हा दिला."

… सगळ्यांसमोर… एवेलिओ? खांबामागे गेला. खांब बारीक होता.

कुठला नंबर, बादच. पण मग रांग लागली ताई. चर्चवाला म्हणाला, काकूनं केलं. ज्वालामुखीवाला म्हणाला, बाबांनी, आणि ते बघा निघाले. शेवटी बक्षीस द्यायला कुणी उरलंच नाही. बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं आपला करून आणा, जमेल तसा.

… हो गं, अभिमान तर वाटणारच. येताना बेकरीत सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं. बसथांब्यावर एका बाईला दोनदा सांगितलं, बस उशिरा आली म्हणून.

आता? आता दुधाच्या खोक्याचा केलाय तिनं. वाकडा… नाही, तुला वाटतो त्याहून वाकडा. पण घोडं दुसरीकडेच अडलंय. तो म्हणतो, गावाला तोंड दाखवणार नाही. ती म्हणते, आजोबा नसतील तर मीही जात नाही… मी काय करणार, दोघांना गुळाचं गरम पाणी दिलं. त्यानं दाराच्या फटीतून घेतलं.

मघाशी दाराशी जाऊन म्हणाली, "आजोबा, गाडी सुंदरच होती. पण माझी नव्हती ना. हा माझाय, आणि मला रस्त्यात अंधाराची भीती वाटते."

… तो? पेला तेवढा सरकवला बाहेर…

थांब. कडी वाजली…

आलाय बाहेर. इस्त्रीचा शर्ट घालून… हळू बोल, ऐकू जाईल. खोका बघतोय… आई गं, खिशात पक्कड आहे त्याच्या… नाही, काढली. स्वतःहून टेबलावर ठेवली. गोंदाची बाटलीपण. हात मागे बांधलेत.

खोक्यातली मेणबत्ती कलंडलीय. ती म्हणतेय, मीच करते सरळ… करतेय… परत कलंडली.

ताई, चाळीस वर्षांचा संसार झाला. समोर काहीतरी वाकडं दिसतंय आणि हा माणूस नुसता बघत उभा आहे, हे मी आज पहिल्यांदा पाहतेय… रडत नाहीये गं, धूर गेला डोळ्यात. चल, सहा वाजले, रेडिओवर सगळ्या देशासाठी राष्ट्रगीत लागलं. उभी राहा तूही. ठेवते.