फळीवरचा पियानो

आमच्या सोलापूरच्या पियानो मंडळाचा जलसा होता. दारातल्या रांगेत माझ्यापुढं दोघी बोलत होत्या.

"तुमचं कोण वाजवणार आज?"

"माजी लेक, मथुरा! गिरणीतनं थेट हितं आले."

"घरी पियानो आहे?"

"कुटला वो! मंडळात एकच, अन् पोरं ढीगभर. मास्तरांनी फळीवर पट्ट्या आखून दिल्यात. रोज त्यावरच बोटं नाचवती."

"म्हणजे आवाज नाहीच?"

"न्हाय की. पर मला कळतंय. चुकली की तोंड वाकडं करती, जमलं की हासती."

"मग आज पहिल्यांदा ऐकणार तुम्ही!"

"व्हय! पर बाई, मला पुढं बसू द्या. तिचं तोंड दिसलं न्हाय, तर कसं वाजवलं ते मला कळायचं कसं?"