रिकाम्या हुकाचा चटका

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा राहिलोय. एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही, की आपण काय करतो? ‘मला कळलं नाही’ असं म्हणतो? की कुणाला तरी पुढं ओढतो आणि सगळं त्याच्या माथी मारतो? मनातच उत्तर द्या. मोठ्यानं नको. माझंच उत्तर मला अवघड जातंय.

ऐका. पिंपळदरे नावाचं गाव. गावाला लागून रेडिओ केंद्र, त्याचा लाल-पांढरा उंच मनोरा. त्या कुंपणाला खेटूनच गावानं देवीचं देऊळ बांधलं. केंद्राला विचारलं का? छे. आपल्या जागेत आपलं देऊळ, विचारायचं कुणाला? कळस तीनशे किलोचा, म्हणून क्रेन मागवली. आणि सोहळ्याला कीर्तनकार कोण? मीच. म्हणजे ऐकीव सांगत नाही.

क्रेनबरोबर लहानू वाघमारे आला होता. काम एवढंच — हूक हातानं धरायचा आणि कळसाच्या पट्ट्यात अडकवायचा. बावीस वर्षं हेच केलेला माणूस. त्यानं हूक धरला आणि झटकन मागं पडला. तळहातावर पांढरा डाग. कातडी जळाल्याचा वास आम्हाला मंडपापर्यंत आला.

विजेची तार जवळ होती? नाही. चालकानं इंजिन बंद केलं, बॅटरी सोडवली. लहानूनं बोट टेकवलं — पुन्हा चटका. आता काय म्हणाल? इंजिन बंद, तार नाही, आणि थंड लोखंड चावतंय. त्याआधी क्रेनमधलं वजन दाखवणारं यंत्रही येड्यासारखं वागत होतं. हूक रिकामा आणि ते दाखवतंय दोन टन.

सगळे गोंधळले. कुणी म्हणालं जागा वाईट, कुणी म्हणालं दिवस वाईट. मग एकानं लहानूला विचारलं, सकाळी काय खाल्लंस? तो बिचारा खरं बोलला — धाब्यावर आम्लेट. झालं. गावाला उत्तर मिळालं.

आणि मी? त्या संध्याकाळी कीर्तनात म्हणालो, देवीला अपवित्र हात चालत नाहीत. नाव घेतलं नाही हो. पण बघत कुणाकडे होतो? लहानूची बायको सखू जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती तिथंच बसलेली. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर ओढून घेतला. लहानूनं मला नंतर सांगितलं, त्याला झोप लागली नाही. आयुष्यात काय काय चुकलं ते तो आठवत बसला. भावाशी भांडण, एकदा बोललेलं खोटं. यातलं कुठलं असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोष जावा म्हणून शांतीची पूजा झाली. ट्रस्टचे अध्यक्ष तात्या देवकर पुढं आले. अकरा दिवस नुसत्या दुधावर राहिलेला माणूस. म्हणाले, मी लावतो हूक. लावला — आणि दोन बोटं भाजली.

मी तर मान खालीच घातली. लहानू तेवढा हळूच म्हणाला, “तात्या, तुमचा तर उपास होता.”

मग तो आणखी एक बोलला. क्रेनचा दांडा खाली असला की चटका कमी बसतो, वर नेला की जास्त. पाप काय दांड्याच्या उंचीवर असतं? आणि तो एकटाच रेडिओ केंद्राच्या फाटकाकडे चालू लागला.

तिथल्या अभियंता हेमलता खटावकर त्याच्याबरोबर धावतच आल्या, हातात मोजायचं यंत्र. आधी सगळ्यांना मागं सारलं. छातीत पेसमेकर बसवलेलं कुणी आहे का विचारलं, आणि एका आजोबांना लांब पाठवलं. मग समजावलं : मनोरा रेडिओच्या लहरी सोडतो, डोळ्यांना दिसत नाहीत. क्रेनचा लांब लोखंडी दांडा त्या झेलतो आणि त्यात वीज तयार होते. हूक धरला की ती वीज तुमच्या हातातून जमिनीत जाते. वजनाचं यंत्रही त्यानंच बिघडतं. माणसानं अशा लहरींत किती राहावं याची मर्यादा ठरलेली आहे, आणि मनोऱ्याजवळ क्रेन लावायची तर आधी केंद्राला कळवायचं असतं.

मी विचारलं, बाई, मग देवी? त्या म्हणाल्या, “महाराज, देवीचं मला माहीत नाही. मनोऱ्याचं माहीत आहे.”

पेच पुढंच होता. मुहूर्त त्याच सकाळी दहा वीसचा, आणि केंद्राचं प्रक्षेपण थांबणार दुपारी बाराला. लोक कुजबुजले : जाड हातमोजे घाला आणि उरका. लहानू म्हणाला, मी लावतो. तात्यांनी भाजलेली बोटं पाहिली. “नाही,” ते म्हणाले, “मुहूर्त जाऊ दे. माणसाचा हात जाळून कळस नको.”

बारा वाजले. बाईंनी यंत्र बघून होकाराची मान हलवली. लहानूनं हात पुढं केला, आणि तो मध्येच थांबला. बाईंवर विश्वास होता, पण रात्रभर मोजलेली पापंही होती ना. मग त्यानं हूक धरला. नुसतं लोखंड. कळस चढला.

मी लहानूजवळ गेलो, म्हणालो, चुकलो. त्यानं एवढंच मागितलं, “महाराज, माझं जाऊ द्या. सखूला तुम्ही स्वतः सांगा. ती तुमचं ऐकते.”

गेलो. सांगितलं. सखू ऐकून घेत होती. मग म्हणाली, “काल सगळ्यांसमोर बोललात. आज मला एकटीलाच सांगताय?”

मंडळी, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय. पिंपळदऱ्यात सांगितलं, आता गावोगाव सांगतो. लहरींचं मला आजही नीट समजलेलं नाही. पण तुमच्या गावात, तुमच्या घरात, असं न समजणारं काही घडलं, तर ज्याला कळतं त्याचं दार शोधा. आणि दार सापडेपर्यंत बोट कुणाकडे दाखवू नका. आता हात जोडा. आपल्या बोलण्यानं ज्याची मान खाली गेली, असा एक माणूस आठवा. घरी जायच्या आधी त्याच्याकडे जाऊन या.