सीलबंद मालात काय असतं

...आणि वर मलाच म्हणतात, तू प्रश्न फार विचारतोस. आता तुम्हीच सांगा, विचारायचं नाही का माणसानं? सात वर्षं बाहेर राहून मालवाहतूक हाच विषय शिकलो, परत आलो, म्हटलं कचेरीत बसून नकाशे रंगवण्यापेक्षा आधी ट्रक चालवू, ड्रायव्हर लोकांचं जगणं आतून बघू, मग सुधारू. आई म्हणाली, "सुधार हो, पण आधी रिव्हर्स घ्यायला शीक. मामाचं फाटक अजून तिरकंच आहे."

तर कंपनीचं ट्रेनिंग. तुम्हाला वाटतं पहिल्याच दिवशी स्टिअरिंग हातात देतात? छे. चार दिवस एक खोली, माणसं एकोणीस, पंखा एक, आणि प्रत्येकाला एक पुस्तिका. पान बारा : मागून आवाज आला तर थांबा, माल तपासा. पान एकेचाळीस : दाराच्या सीलला हात लावू नका. मी हात वर केला. "सर, सील न तोडता माल तपासायचा कसा?" सर म्हणाले, "ते पुढच्या भागात येईल." पुढच्या भागात टायर आले.

पाचव्या दिवशी मला उस्तादांच्या हवाली केलं. उस्ताद म्हणजे बावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस. बोलणं मोजकं, पण बावीस वर्षांत आपला एकही माल परत आलेला नाही, हे दर चहाला सांगणार. सहा आठवडे त्यांच्यासोबत फिरायचं, शेवटी त्यांनी माझ्या कागदावर सही केली की मला स्वतःचा ट्रक. म्हणजे माझं सुधारायचं सगळं स्वप्न त्यांच्या खिशातल्या बॉलपेनात.

आणि नव्या माणसाला लोड कसले मिळतात माहितेय? जुन्यांनी नको म्हटलेले. जिथलं गोदाम सहा तास ताटकळत ठेवतं ते, जिथली गल्ली ट्रकपेक्षा अरुंद ते. एकदा नुसत्या गाद्या... वजन काही नाही, पण वारा सुटला की गाडी अशी डुलायची की मीच पेंगायला लागलो. जुने लोक हे कधी बोलत कसे नाहीत? विचारायचं नाही का माणसानं?

मग सहाव्या आठवड्यात तो लोड आला. कागदावर 'पॅकिंगचं साहित्य, चार लाख नग', दाराला निळं सील, सीलवर नंबर, तोच नंबर कागदावर.

"उस्ताद, आत नक्की काय आहे?"

"माल."

"पण कसला?"

"बंद."

"आपण काय वाहतोय ते आपल्याला कळायला नको?"

"पोस्टमन पत्रं वाचतो का रे?"

दुपारी जेवून उस्ताद सीटमागच्या फळीवर आडवे झाले, गाडी माझ्या हातात, आणि वळणावर मागून आवाज... खुळ्ळ... खुळ्ळ... मला पान बारा आठवलं. थांबलो. दारापाशी गेलो, पान एकेचाळीस आठवलं. कान लावला, ठोकून बघितलं. माल सुटून गाडी कलंडली तर जबाबदार कोण? असं मी स्वतःला पटवलं, पण तुम्हाला खरं सांगतो, पान बारा हे निमित्त. मला बघायचं होतं. पक्कड घेतली आणि कट.

आत काय असावं? सीलं. एक खोका फुटलेला आणि सगळीकडे निळी, चकचकीत, नवीकोरी सीलं. हातात तुटकं एक, समोर धडधाकट चार लाख. मोह होतो हो माणसाला. एक उचललं, दारापर्यंत नेलंही, मग नंबर बघितला. प्रत्येकाचा वेगळा. चार लाखांत कागदावरचा नंबर तेवढा नाही. तरी मी चार खोके उपसले.

"काय शोधतोस?" मागे उस्ताद.

"नंबर."

त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि पायरीवर बसले. "आवाज आला तर मला उठवायचं होतंस."

मी उपसलेले चारही खोके परत भरायला लागलो.

माल पोचवायचा त्या गोदामाच्या गेटवरच्या बाईंनी विचारलं, "सील कुठाय?" म्हटलं, "मी तोडलं. उस्ताद झोपले होते. मोजून घ्या हवं तर." त्या म्हणाल्या, "चार लाख? तुम्ही मोजताय का? अहो, लोकांनी ज्यावर भरवसा ठेवायचा ती वस्तू उघड्या दारातून आलीय. एक जरी इकडेतिकडे झालं असेल, तर सगळा माल बाद. न्या परत." येताना दोनदा चहा झाला. उस्तादांच्या तोंडून बावीस वर्षांचं नाव निघालं नाही.

सही अर्थातच नाही. सहा आठवडे पहिल्यापासून, पान एकपासून, तीच खोली, तोच पंखा. आणि तो बाद माल वितळवायला भंगारात न्यायचा, तर असला लोड कुणाला मिळणार? नव्या माणसाला. यावेळी दाराला सील नाही, नुसती सुतळी. उस्ताद शेजारी बसले आणि म्हणाले, "घे, हवं तितक्या वेळा उघड." आणि तुम्हाला सांगतो, तीन तास मागे खुळखुळत होतं... एकदाही बघावंसं वाटलं नाही.