दोडक्याची आंघोळ

...आवं हसताय काय! दिवसाला तीन आंघोळी, तीन! लग्नात हळद लावली तवा बी येवढं न्हाणं झालं न्हवतं माझं. आन ते बी उघड्यावर, घरामागच्या परड्यात, दोडक्याच्या बुडात बसून. का? तर म्हणं, दोडका वाढला पायजे!

तुमाला सांगतो, लढाई संपली, पलटणीतनं सुटलो, आष्ट्याला घरी आलो. चार वरसं वाळवंटात डब्यातलं खाऊन जीभ मेलेली. मनात येकच... दोडक्याचं कालवण आन त्याच्या शिरांची चटणी. कारभारणीला म्हणलं, वेल लाव. लावला. वैशाख लागला, आड तळाला गेला, आन गावानं ठरवलं, आडाचं कोरं पाणी झाडाला घालायचं न्हाई, वापरलेलं घाला. मग हिनं ते वापरायचं कसं? नवऱ्याच्या डोस्क्यावनं! दोडका वाढला पायजे!

'साबण नगं हां, मूळ करपतंय.' बरं. 'वाईच डावीकडं सरका, वांगी ऱ्हायल्यात.' सरकलो. अंग पुसाय लागलो तर, 'आवं, पुसताय कशाला? निथळू द्या की तितंच!' म्हंजे मी काय वाळत घातल्यालं धोतर हाय व्हय? सर्दी झाली, शिंकलो, तर म्हणती, 'तिकडं त्वांड करा, फूल गळंल!'

आन कुपाच्या पल्याडनं शेजारचा अल्लाबक्ष रोज डोकावतोय, 'काय हवालदार, आज कितवी?' म्हणलं, दुसरी. 'आन दोडका?' म्हणलं, बोटायवढा. तर म्हणतोय कसा, 'मग अजून येक घ्या, गड्या!' लढाईत गोळ्या चुकवल्या, पर ह्या माणसाची नजर चुकवता येत न्हाई. लय लाज वाटती, खरं सांगतो. पर काय करता... दोडका वाढला पायजे!

फुलं उन्हानं गळली. धरला येकच. येकच! पर काय सांगू, हातभर झाला, हिरवागार, कवळा. काल सकाळी विळा घिऊन गेलो, तोंडाला पाणी सुटल्यालं... तर हिनं हात धरला. 'आवं, असला झ्याक दोडका खात्यात व्हय? बियाला ठिवायचा. वाळू द्या येलावरच.'

आता बोला! बसलो मिरचीचा खर्डा आन भाकरी खात. तर ही आपली खुशीत, 'पुढल्या उन्हाळ्याला समद्या बिया लावू, ह्या कुपापासनं त्या कुपापातूर.'

मी आपला बोटावर आंघोळी मोजाय लागलो. पर तुमी शेतकरी मान्सं, तुमाला ठावं असंल... येका दोडक्यात बिया किती असत्यात वो?