रोमन चपलांचे बंद

तुम्ही म्हणता, मी कधी चिडत नाही. चिडलो होतो, चौऱ्याऐंशी साली, अमेरिकेत माझ्या मुलाकडे, रवीकडे गेलो तेव्हा. तिथे रोमन सैनिकांचा वेश करून संचलन करणारी हौशी मंडळी होती. जमिनीत सापडलेल्या जुन्या रोमन चपलांच्या कुजक्या तुकड्यांची चित्रं पाहून रवीनं हिवाळाभर सगळ्यांच्या चपला शिवल्या. संचलनाच्या दिवशी त्यांचा प्रमुख म्हणाला, "रवी, तू सामानाजवळ थांब. रोमन सैनिक तुझ्यासारखे दिसत नव्हते."

मी रवीला म्हणालो, "विचार त्याला, कुजक्या तुकड्यावरून अख्खा सैनिक दिसतो, मग समोर उभा असलेला माझा मुलगा कसा दिसत नाही?"

"बाबा, जाऊ द्या ना."

मी प्रमुखासमोर खाली वाकलो. त्याला वाटलं, मी नमस्कार करतोय. मी त्याच्या चपलांचे बंद सोडायला लागलो.