जावयांच्या घशातली तार

जबाब देणारा: धंदा पंपदुरुस्ती, वय ५३, शिक्षण सातवी, पुढचं स्वतःचं स्वतः, राहणार पुलाजवळच्या दुमजली घराचा वरचा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, लोखंडी शेगडी, तिच्यावरची जाळी, जाळी घासायचा तारेचा ब्रश, मक्याच्या पोळ्या दाबायचा साचा आणि काल रविवारी दुपारचे टाको, हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कोणाकडे शिकायला गेलो नाही. टाको म्हणजे मक्याची मऊ पोळी, तिच्यात निखाऱ्यावर भाजलेला मासा, वर फळांचा साल्सा, आणि घडी. साल्सासाठी आंबा, अननस, कांदा, मिरची, लिंबू. फोडी सगळ्या एका मापाच्या; मोठी आली की पोळी फाटते.

मुलगी आणि जावई जेवायला येणार होते. जावई लग्नानंतर दुसऱ्यांदाच येत होते. पत्नी म्हणाली, "जेवू घालायचंय त्यांना, पंप बसवायचा नाहीये." मी लक्ष दिलं नाही.

मासा बाजारातल्या मासेवाल्या मावशींकडून स्वतः निवडून आणला. त्या म्हणाल्या, "दादा, मासा घेताय की सून बघताय?" घरी माशाची कातडी काढली, बोट फिरवून चिमट्याने एकेक काटा काढला. त्यात मासे धरायचा गळ अडकलेला नव्हता. असता तर आधी माझ्या बोटाला लागला असता.

पहिली खेप भाजून झाल्यावर जाळीला मसाला चिकटला, म्हणून ब्रशाने घासली. एरवी नंतर ओल्या फडक्याने पुसतो. काल सगळे पानावर बसले होते, पुसली नाही.

दुसऱ्या खेपेतला टाको खाताना जावई खोकू लागले. पत्नी म्हणाली, मिरची लागली असेल. मी म्हणालो, "काय जावईबापू, एवढ्यात माघार?" मग वाटलं काटा असेल, म्हणून कोरडी पोळी गिळायला दिली. अडकलेला काटा तसा खाली जातो, असं मी धरून चाललो. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मुलीने माझ्या हातातली पोळी काढून घेतली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पोळीमुळेच अडकलेलं आणखी आत रुतलं.

एक्स-रेमध्ये बारीक, वाकडी धातूची वस्तू दिसते. जावयांचे थोरले भाऊ म्हणाले, हा गळच, आणि मावशींविरुद्ध इथे चौकीत तक्रार दिली. मावशी सकाळपासून चौकीबाहेरच्या बाकावर बसून आहेत. मी आत येताना त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगा कसा आहे?"

हॉस्पिटलातून घरी जाऊन मी ब्रश उजेडात धरला. तारा मीच भोकांत ठोकून बसवल्या होत्या. कडेचा एक झुबका सैल होता आणि त्यात एक तार कमी निघाली. विकतच्यापेक्षा हा ब्रश बरा, असं मी सगळ्यांना सांगत असे. तो सोबत आणून जमा केला आहे.

ऑपरेशन आत्ता चालू आहे. हा जबाब लिहिला जात असताना माझा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा गिऱ्हाइकं होती. मी हॉस्पिटलातून इकडे निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, तिकडे जास्त बोलू नका."

जबाब मला वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे. एक गोष्ट राहिली होती, ती घालायला लावली: जावयांचे भाऊ हॉस्पिटलच्या जिन्यात मला म्हणाले, "काका, तुम्ही फक्त गळ होता म्हणा. बिल त्या बाईकडून काढू, तुमच्यावर काही येणार नाही." मी नाही म्हणालो. हॉस्पिटलाने बिल एक लाख चाळीस हजार होईल असं सांगितलं आहे.