महेशच्या नव्या ब्रेकची परीक्षा

आमच्या खोपोलीच्या महेशनं आपल्या स्पोर्ट्‌स गाडीला नव्या ब्रेक डिस्क बसवल्या, तेव्हाची गंमत ऐका. मधला भाग ॲल्युमिनियमचा, बाहेरचं कडं लोखंडाचं. त्याच्या वडिलांनी, दामूकाकांनी, जन्मभर बोरघाटात टेंपो चालवलेला. ते म्हणाले, "दोन तुकड्यांची? अख्खी नाय मिळाली का रं?"

महेश पेटलाच. "बाबा, ही कितीबी तापली तरी वाकत नाय. चला, घाट उतरून दाखवतो."

मी मागं बसलो होतो. लोणावळ्याहून निघालो, तर प्रत्येक वळणावर पठ्ठ्या असा ब्रेक दाबायचा की माझं कपाळ पुढच्या सीटवर. खाली पोचलो तेव्हा चाकांतून जळका वास येत होता. महेश मात्र खूश. "बघा, डिस्क वाकली असती तर स्टिअरिंग थरथरलं असतं. जरातरी थरथरलं का?"

काका म्हणाले, "परत वर चल. आता मी आनतो."

काकांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवून, इंजिनच्या जोरावर वेग आवरत, गप्पा मारत अख्खा घाट उतरवली. ब्रेकला पाय लावला असेल तर दोनदा. खाली उतरून त्यांनी चाकात हात घातला, डिस्क चाचपली आणि महेशच्या पाठीवर थाप मारली.

"लय भारी वस्तू घेतलीस रं. गरमच होत नाय!"